फ्यूज कुणी काढला?

उभे राहा सगळे. पाने-पक्कड खाली ठेवा, मोबाईल खिशात घाला. हसू नका, हसण्यासारखं काही केलेलं नाही तुम्ही.

फ्यूज कुणी काढला?

बरं, नाव नका सांगू. एकाने काढला, तिघांनी काढताना पाहिला, आणि बाकीच्यांनी 'चला, विझला एकदाचा' म्हणून हात पुसले. म्हणजे सगळ्यांनीच काढला. बाईंची तक्रार काय होती? गाडी पळो वा उभी राहो, ब्रेकचे दिवे कायम पेटलेले. तुम्ही काय केलंत? कायमचे विझवलेत. आणि वर तोंड करून सांगितलंत, 'झालं मॅडम, घेऊन जा.' घेऊन निघाल्याही होत्या त्या. मी फाटकापाशी गाडीच्या मागे उभा राहून म्हटलं, जरा ब्रेक दाबा. काही नाही. हॉर्न द्या म्हटलं. हॉर्नही मुका. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं आहे की ब्रेकचे दिवे आणि हॉर्न एकाच फ्यूजवर आहेत. ते झाकण तुमच्याच हातात होतं. वाचता येतं ना तुम्हाला? दहावी पास होऊन आलात ना इथे?

ही गाडी आज संध्याकाळी घाट उतरणार होती. मागे एसटी असेल, दुधाचा टेम्पो असेल. ताशी ६० किलोमीटरने येणारं वाहन एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर अंतर कापतं. मागच्या ड्रायव्हरने दिवा पाहिला, त्याच्या डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरा. पंचवीस मीटर गेले, आणि अजून त्याचा ब्रेक लागलेलाच नाही. हे दिवा लागला तर. दिवाच नसेल तर पुढची गाडी अंगावर आल्याशिवाय त्याला कळणार नाही. आणि बाईंनी हॉर्न द्यायचा म्हटला तर तोही तुम्ही काढून ठेवलेला.

'पण सर, कायम चालू राहण्यापेक्षा बंद बरा.' कोण बोललं हे? पुढे ये. कुणी सांगितलं तुला बंद बरा म्हणून? कायम चालू असलेला दिवा वाईटच. मागच्याला तो काहीच सांगत नाही, कारण बदललाच नाही तर कळणार काय? पण त्यावरचा इलाज 'बंद' हा नाही. ब्रेक दाबला की लागायला हवा, सोडला की विझायला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०२ वा नियम याच गोष्टींचा आहे, इशारे आणि स्टॉप लाइट. तोंडपाठ करू नका, पण असा नियम आहे हे तरी ठाऊक असू द्या. अमेरिकेत १९७० च्या दशकात जॉन व्होएव्होड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर मागे एक जादा ब्रेकचा दिवा लावून पाहिला, तर मागून धडकण्याचे प्रकार चांगलेच कमी झाले. पुढे १९८६ च्या मॉडेलपासून तिथे प्रत्येक नव्या मोटारीला तो तिसरा दिवा सक्तीचा झाला. लोक एक दिवा वाढवायला एवढी खटपट करतात, आणि आमचे चिरंजीव असलेले दोन दिवे फ्यूज ओढून गप्प करतात.

आता जॉब कार्ड वाचा. काय लिहिलंय? 'ब्रेक लाइट ऑन.' बस. बाई पाच मिनिटं बोलत होत्या, त्यातले तीन शब्द उतरवलेत. मी त्यांना आत्ता बाकावर बसवून पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, पंधरा दिवसांपूर्वी ब्रेक दाबताना पायाखाली काहीतरी कट्कन मोडल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी स्टार्ट होईना. बॅटरीवाल्याने सांगितलं बॅटरी गेली, नवी बसवली. दुसऱ्या सकाळी नवीही उतरली. मग सिग्नलला एका स्कूटरवाल्याने काच ठोकून सांगितलं की तुमचे मागचे दिवे चालूच आहेत.

अख्खं निदान सांगून टाकलं बाईंनी. पायाखाली मोडलं, बॅटरी उतरली, दिवे चालू. गिऱ्हाईक बोलतं तेव्हा ऐकायचं असतं. त्याला भागांची नावं येत नाहीत, पण गाडीत रोज तोच बसतो.

बॅटरीचा हिशेब कोण सांगेल? नाही ना कुणी? वहीत लिहून घ्या. मागचा ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा. दोन बल्ब, ४२ वॅट. बारा व्होल्टने भागा, साडेतीन अँपिअर. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे दहा तासांत कोरडी, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी मान टाकतो. काचेजवळचा तिसरा दिवा मी धरलाच नाही. बहुतेक मोटारींमध्ये ब्रेकच्या दिव्यांना करंट थेट बॅटरीतून येतो, किल्ली काढली तरी. त्यामुळे संध्याकाळी सातला लावलेली गाडी सकाळी सातला मेलेली असणारच, बॅटरी नवी असो की जुनी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बाईंचे काही हजार त्यात गेले. त्या दुकानदाराने रात्री एकदा गाडीच्या मागे जाऊन पाहिलं असतं तर वाचले असते. तुम्ही उद्या असलं दुकान थाटणार आहात, म्हणून बोलतोय.

आता तुमचा पराक्रम क्रमाने सांगतो. चुकलं तर थांबवा मला.

आधी बल्ब बदललेत. का? बल्ब पेटत होता की. बल्ब खराब झाला तर विझतो. सतत पेटलेला बल्ब म्हणजे त्याला सतत करंट मिळतोय. मग स्विच बदललात. जुना तपासला? नाही. मीटर कपाटात, त्याच्यावर धूळ. नवा स्विच बसवला, तरी दिवा चालूच. इथे तरी थांबायचं होतं. नवा स्विच घालूनही तेच लक्षण राहतं, याचा अर्थ दोष स्विचबाहेर आहे. तुम्ही मात्र त्याचा लॉकनट सैल करून त्याला पुढे फिरवत गेलात, फिरवत गेलात, आटे संपेपर्यंत. तरी दिवा जाईना, म्हणून शेवटी फ्यूज.

यातली सगळ्यात मोठी घोडचूक कोणती? फ्यूज म्हणताय? फ्यूज परत लावता येतो. चूक ती नाही. इकडे या, मी पुढचं चाक जॅकवर उचललंय. फिरव हाताने. जोर लाव. फिरतंय? अर्धा फेराही पुरा होत नाही. सकाळी ही गाडी आली तेव्हा चाक मोकळं होतं. आता ब्रेक धरून बसलेत.

कशामुळे ते आतमध्ये वाकून बघा. पुढे सरकवलेल्या स्विचचं बूड पेडलच्या पट्टीला टेकलंय आणि त्याने पेडल जरासं खाली दाबून धरलंय. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे मोकळी चाल, संपला. फ्री प्ले संपला की मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, आणि ज्या बारीक छिद्रातून तेल टाकीत परत जातं ते छिद्र झाकलेलं राहतं. गाडी चालली की लायनर घासून तापतात, तेल तापून फुगतं, त्याला परत जायला वाट नाही, म्हणून दाब वाढतो. दाब वाढला की लायनर आणखी घट्ट. घाट उतरताना वास येतो, मग पेडल मऊ लागतं, आणि मग पाय दाबूनही गाडी थांबत नाही. दिवा विझवायच्या नादात तुम्ही एका बाईच्या गाडीचे ब्रेक निकामी करायची तयारी केलीत. यात कुणाच्या मनात खोट नव्हती हे मला माहीत आहे. त्याने काही फरक पडत नाही.

वर बघा, मान खाली घालून चालणार नाही.

प्रात्यक्षिकाच्या वहीत ब्रेक लाइटचं सर्किट कुणी काढलंय? सगळ्यांनी. सुबक, लाल शाईने, पट्टी लावून. पूर्ण गुण दिलेत मी त्याला. आज तीच वही दप्तरात होती आणि एकानेही उघडली नाही. बॅटरी, फ्यूज, स्विच, दोन बल्ब, अर्थ. पाच गोष्टींचं सर्किट. यापेक्षा सोपं सर्किट गाडीत शोधून सापडणार नाही.

स्विच काय करतो ते पुन्हा सांगतो, कारण तुम्हाला ते उलटं वाटतं. त्याला स्प्रिंगवरची एक पिन आहे. पेडल मोकळं असताना पेडलच्या पट्टीवरचं एक छोटं रबरी बटण ती पिन आत दाबून धरतं. पिन आत असली की दिवा बंद. पाय दिला की पट्टी दूर जाते, पिन बाहेर येते, दिवा लागतो. फ्रिजच्या दाराचं बघा, तसंच. म्हणजे इथे दिवा पेटायला काही लागत नाही, विझलेला ठेवायला लागतं. मग दिवा कायम पेटलेला दिसला की पहिला प्रश्न कोणता पडायला हवा? पिन दाबणारी वस्तू जागेवर आहे का?

नाही ती. हा टॉर्च घे, मान वाकडी कर, बघ. काय दिसतंय? पट्टीला भोक. करंगळीचं टोकही जाणार नाही एवढं. आणि त्या भोकातून नव्या स्विचची पिन आरपार बाहेर आली आहे. त्या भोकात बटण होतं. आठ-दहा वर्षं उन्हात तापलेल्या बंद गाडीत ते रबर-प्लास्टिक वाळतं, कडक होतं, तडकतं आणि एक दिवस पायाखाली गळून पडतं. जपानी आणि कोरियन बनावटीच्या कितीतरी गाड्यांत हे होतं. फार मोठा आजार नाही हा. बटण शंभर रुपयांच्या आत मिळतं, बसवायला अंगठा पुरतो.

आणि ते पडलं कुठे? मॅटवर. मॅट कुणी झटकली? तू झटकलीस गं? का? 'सर, घाण होती.' हो, आवरून ठेवायची सवय चांगलीच आहे तुझी, पण गाडी तपासायच्या आधी मॅट झटकायची नाही, कधीही नाही. ही बघ सुपली. हे मळकट पिवळे तुकडे दिसले का? चिमटीत धर एक. झाला ना भुगा? हा होता पुरावा. तू केरात टाकलास आणि हे दोघे शेजारी उभे राहून स्विचची किंमत मोबाईलवर बघत होते. मला हिने आत्ता सांगितलं की तिला ते तुकडे वेगळे वाटले होते, पण 'मोठी मुलं काम करत होती' म्हणून ती बोलली नाही. यापुढे या वर्कशॉपमध्ये ज्याला काही वेगळं दिसेल त्याने बोलायचं. ओरडून बोलायचं. मी रागावलो तरी बोलायचं. आणि मोठ्या मुलांनो, तिने तोंड उघडलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत का, याचं उत्तर मला नको, स्वतःला द्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा घातलात तुम्ही.

आता कसं करायला हवं होतं ते. पाना हातात घेण्याआधी पेडलखाली पायाचं बोट घालून पेडल वर ओढायचं. दिवा गेला, तर पेडल पूर्ण वर येत नाहीये. रिटर्न स्प्रिंग ढिली, खिळीला गंज, किंवा स्विच मागे सरकलेला. नाही गेला, तर हात आत घालून पिन बोटाने दाबायची. आता गेला, तर बटण तुटलंय. पिन दाबूनही नाही गेला, तर स्विचचा कनेक्टर काढायचा. कनेक्टर काढल्यावर दिवा विझला, तर स्विच आतून चिकटलाय, बदला, आनंदाने बदला. आणि कनेक्टर काढूनही पेटलेला राहिला, तर स्विच आणि पेडल दोघेही निर्दोष आहेत. करंट मागे कुठूनतरी वेगळ्या वाटेने येतोय. झालं. एक पैशाचा भाग न बदलता आजार कोणत्या टोकाला आहे ते कळलं. तुम्ही शेवटच्या टोकापासून सुरुवात केलीत आणि प्रत्येक ठिकाणी पैसे खर्च करत आलात. बाईंचे पैसे.

रस्त्यात, आडगावात बटण तुटलं तर काय? भोकात छोटा बोल्ट, दोन्हीकडे वॉशर, नट घट्ट. घरापर्यंत चालतं, मी नावं ठेवणार नाही. पण तो जुगाड तसाच राहू द्यायचा नाही. लोखंडाचं डोकं पिनच्या प्लास्टिकवर आपटत राहतं, पिन झिजते, आणि नट सुटला तर पेडलाखाली पडलेला नट काय करू शकतो ते मी सांगायला नको. नवं बटण बसवल्यावर स्विच किती पुढे घ्यायचा हे त्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. स्विचचं बूड आणि बटण यांच्यात थोडी फट हवी, साधारण एखाद-दुसरा मिलिमीटर. काही गाड्यांत आट्यांचा स्विच नसतो, दात्यांवर आपोआप बसणारा असतो. तो बसवताना पेडल कसं धरायचं याची पद्धत ठरलेली असते, आणि कित्येकदा एकदा काढलेला परत वापरायचा नसतो. पुस्तक वाचा. व्हिडिओ बघायला ना नाही, पण त्यातली गाडी तुमच्या समोरची गाडी नसते.

मागून येणारा करंट. हे नीट ऐका, कारण बाहेरचे मिस्त्री इथेच सगळ्यात जास्त पैसे काढतात. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न: दिवे दिवसाही पेटलेले असतात की फक्त रात्री? फक्त रात्री, म्हणजे पार्किंग लावल्यावर, असं उत्तर आलं तर स्विचकडे बघायचंही कारण नाही. बहुतेक गाड्यांत मागच्या एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, टेलचं ५ वॅटचं आणि ब्रेकचं २१ वॅटचं. त्या बल्बच्या दोन पिना मुद्दाम वर-खाली ठेवलेल्या असतात, तो उलटा बसू नये म्हणून. तरी पिरगाळून, दाबून, होल्डर वाकवून उलटा बसवणारे महाभाग आहेत. मग रात्री टेलच्या जागी २१ वॅटचं फिलामेंट पेटतं, ब्रेक दाबला तरी उजेड वाढत नाही, उलट ५ वॅटचं बारीक जोडीला लागतं. दुसरा प्रकार, तुटलेलं फिलामेंट शेजारच्याला चिकटतं आणि टेलचा करंट ब्रेकच्या तारेत शिरतो. बल्ब काढून उजेडात धरा, डोळ्याने दिसतं.

तिसरा प्रकार अर्थिंगचा, आणि हा भल्याभल्यांना चकवतो. कोकणातल्या गाड्यांत तर विचारूच नका. चार पावसाळ्यांत होल्डरच्या अर्थवर हिरवी-पांढरी बुरशी धरते. टेलचा करंट फिलामेंटमधून खाली आला की त्याला परत बॉडीला जायला रस्ता नाही. मग तो त्याच बल्बच्या ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा वर चढतो, ब्रेकच्या तारेने पलीकडच्या बल्बपर्यंत जातो आणि तिथे अर्थ होतो. लक्षण काय? एका बाजूचे दिवे मिणमिणतात, पलीकडचा ब्रेक अर्धवट लाल दिसतो. ब्रेकचा दिवा मंद आणि कायम दिसला की आधी अर्थ तपासा. एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवरून त्या होल्डरला लावा, फरक पडला की सापडलं. पॉलिश पेपर आणि एक स्क्रू, एवढाच खर्च. बाजारातले एलईडी बल्ब तर इतक्या थोड्या करंटवर उजळतात की साधा बल्ब ज्याची दखलही घेणार नाही त्या गळतीवर ते मंद जळत राहतात. आणि मागे कॅमेरा, स्पॉयलरचा दिवा, अलार्म, असलं काही बाहेरून बसवलंय का, हे विचारल्याशिवाय हार्नेस उघडायचा नाही. अर्ध्या तक्रारी त्या जोडलेल्या तारांच्या काळ्या टेपाखाली असतात.

दुचाकीचं थोडक्यात. तिथे पुढच्या ब्रेकचा एक आणि मागच्याचा एक, असे दोन स्विच असतात, आणि कोणताही एक अडकला की दिवा चालू. एकेकाचा कनेक्टर काढा, कोण गुन्हेगार ते लगेच कळतं. मागच्या पायाच्या ब्रेकचा स्विच बारीक स्प्रिंगने ओढला जातो. तो लावताना नट फिरवायचा, स्विच फिरवायचा नाही. स्विच फिरला की आतली तार पिळवटते. धुतल्यावर किंवा पावसानंतर पुढच्या मुठीतल्या स्विचमध्ये पाणी अडकतं. आणि दुचाकीची बॅटरी यात फारशी उतरत नाही, कारण बहुतेक दुचाकींत हा दिवा किल्लीमागून जातो, म्हणून मालकाला महिनोन्‌महिने पत्ता नसतो. कितीदा तर दोष गाडीत नसतोच. गडी मागच्या ब्रेकवर पाय टेकवून गाडी हाकत असतो. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत इंजिन चालू झालं की हेडलाइट लागतो आणि टेलही, तो दिवसा लाल पाहून ब्रेक अडकला म्हणून धावत येणारेही आहेत. मोठ्या गाड्यांत, एअर ब्रेकच्या, स्विच हवेच्या दाबावर चालतो. तिथे दिवा अडकला की आधी बघा लाइनमधली हवा खरंच सुटली का, नाहीतर दिवा बरोबर सांगतोय आणि ब्रेकच धरून बसलाय.

नव्या गाड्यांत याहून भानगडी आहेत. स्विचमध्ये दोन संपर्क असतात, एक जुळतो तेव्हा दुसरा सुटतो, आणि कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघतो. जुळले नाहीत तर पी ०५०४ हा कोड येतो. परवा तुमच्यातलाच एक जण स्कॅनर लावून तो कोड बघून 'ईसीयू गेला' म्हणाला होता. ईसीयू! कोड फक्त एवढंच म्हणतो की हे दोन सांगणारे वेगवेगळं सांगतायत. ब्रेक 'लागलेला' आहे असं गाडीला कायम वाटत असेल तर क्रूझ कंट्रोल लागत नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत पार्कमधून लिव्हर काढायला ब्रेक दाबावा लागतो, ते कुलूपही मग उघडंच राहतं. किल्ली चालू ठेवून बाप खाली उतरला आणि पोराने लिव्हर ओढली तर? हसण्यावारी नेऊ नका. आणि इलेक्ट्रिक गाडीत अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी स्वतःच मंदावते आणि ब्रेकचे दिवे स्वतः लावते, ऑटो होल्डमध्ये उभी असतानाही लावते. तो दोष नाही. असल्या गाडीचा फ्यूज ओढायला जाल तर गाडीचे इतर दिवे तुमच्यावरच पेटतील.

बोलून झालं माझं. आता ही गाडी परत आत घ्या. चाकांना उटी लावा. तुझ्या हातातला तो फ्यूज आधी जागेवर, मग स्विच मागे, आधी होता तिथपर्यंत. बाईंचा जुना स्विच मीटरवर तपासा. चांगला असेल तर तोच बसवा आणि नव्याचे पैसे त्यांच्या बिलातून कमी करा. बटण समोरच्या स्पेअरपार्टवाल्याकडे मिळेल, तुम्ही चौघं वर्गणी काढा. बटण लावलं की चारही चाकं उचलून हाताने फिरवून मला बोलवा, मी फिरवून बघीन. मग एकाने गाडीच्या मागे उभं राहायचं, एकाने ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, दोन्ही वेळा तोंडाने सांगायचं. हॉर्नही वाजवा.

आणि बाई बाहेर बाकावर बसल्यात. चहा पाठवला आहे मी. त्यांच्या गाडीला काय झालं होतं आणि तुम्ही काय केलं होतंत, हे त्यांना तुमच्यापैकी एकाने जाऊन सांगायचं. फ्यूजचंही, आणि चाक जाम झाल्याचंही. कोण जातोय?

तू नको, तू पुढे होतोस फक्त बोलायला. मागचा, भिंतीला टेकलेला, तू जा.